अर्धा सेकंद

ॲक्रिंग्टनच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या कुरणाला लागून
आमचं सबस्टेशन. फेब्रुवारी, पहाटेचे चार.
क्लाइव्ह ऑर्मरॉडनं दार उघडलं, आत पाऊलही टाकलं नाही,
नाक वर केलं नि म्हणाला, ‘गेली.’

वास करपलेल्या पाकाचा.
तांब्यावरचं वार्निश जळलं की असाच येतो.

टॉर्च दातांत धरून
मी चार नंबरच्या पॅनेलपुढे उकिडवी बसले.
तिथला हिरवा दिवा विझलेला.
ट्रिप कॉइल हातात आली ती अजून कोमट,
लिंबाएवढी, काळी, एका बाजूनं फुगलेली.

हिचं काम केवढं?
वर्षानुवर्षं गप्प बसायचं,
आणि तारेवर झाड पडलं की
एक ठोसा. खिट्टीला. एकदाच.
खिट्टी सुटते, स्प्रिंग सुटते, ब्रेकर उघडतो,
आणि त्याच्याच दांड्यावर बसलेला चिमुकला स्विच
हिचा प्रवाह तोडून टाकतो.
चाळीस मिलीसेकंद. तेवढ्यात पापणीसुद्धा अर्धीच मिटते.
त्या हिशेबानंच हिच्या अंगावर तार गुंडाळलेली.

पण पावणेतीनच्या वादळात खिट्टी हललीच नाही.
सात वर्षांचं ग्रीस, मेणासारखं बसलेलं.
ब्रेकर उघडला नाही म्हणून स्विच उघडला नाही,
स्विच उघडला नाही म्हणून प्रवाह थांबला नाही,
आणि ही
एकशे दहा व्होल्ट अंगात घेऊन
रेटत राहिली: सोड, सोड, सोड.

शेवटी वरच्या स्टेशनातल्या ब्रेकरनं सगळंच तोडलं.
दोन गावं अंधारात, नि एक आइस्क्रीमचा कारखाना.

‘टायमर घालू,’ मी म्हटलं.
अर्ध्या सेकंदात ब्रेकर उघडला नाही
तर हिचा प्रवाह आपणच तोडायचा,
दोन संपर्क एकामागे एक लावून,
कारण डीसीची ठिणगी चिवट, एकट्यादुकट्याला ऐकत नाही.
ऑर्मरॉडला पटेना. चाळीस वर्षांची नोकरी, चहात चार चमचे साखर.
‘जळू दे की. मूठभर तांबं ते.
आणि समजा, तू तोडलंस
आणि पुढच्याच क्षणी खिट्टी सुटणार असली तर?’

याला माझ्याकडे चोख उत्तर होतं:
तोवर शेजारच्या ब्रेकरला निरोप गेलेला असतो.
आता हिनं रेटून काही होणार नाही.
उद्या मात्र ही लागेल.

पण हे म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला,
रविवारचा,
फोनवर पाऊण तास,
लीड्सचं कॉलेज सोडून बेकरीत लागलेल्या निषादला
तेच ते वाक्य. तेच ते.
बापाला तो सगळं सांगतो, हे ठाऊक असून.
पलीकडे नुसता श्वास, आणि मागे कुणीतरी ट्रे आपटत होतं.
कान तापला होता माझा. फोनसुद्धा.

दुपारपर्यंत खिट्टी घासून काढली. नवं ग्रीस, नवी कॉइल.
टायमर बसवला. मग खिट्टी मुद्दाम बांधून ठेवली
आणि ट्रिप दिली.
खट्.
कॉइलनं रेटलं, अर्धा सेकंद,
आणि थांबली.
ऑर्मरॉडनं तिच्यावर तळवा ठेवला. गार.
‘हं,’ म्हणाला. त्याच्याकडून हे पुष्कळ.

खिट्टी सोडवली. हिरवा दिवा लागला.
तो दिवा कॉइलमधूनच पेटतो, दोन-तीन मिलिअँपवर.
खिट्टीला कळतसुद्धा नाही इतका थेंबभर प्रवाह,
तार शाबूत आहे ना, एवढंच विचारणारा,
रात्रंदिवस.

व्हॅनमध्ये बसून निषादला लिहिलं,
‘जेवलास का?’
पुढचं वाक्य अंगठ्यापर्यंत आलं होतं.
ऑर्मरॉड काचेवरचं धुकं बाहीनं पुसत होता.
मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

बर्नलीच्या वळणावर तो थरथरला.
‘हो. आज एक घाणा पाव करपला माझा.’